इमोजीनचे दहा टक्के

माझी थोरली बहीण इमोजीन आमच्या ओकली नावाच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, हमरस्त्याच्या कडेला पिकनच्या डेरेदार झाडाखाली भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा विकते. काळी लोखंडी कढई, खाली गॅसची शेगडी, मिठाचं पाणी आणि त्यात ओल्या शेंगा. नवरा गेल्यापासून तिचं हेच चाललं आहे. काउंटीत तिला सगळे मिस इमोजीन म्हणतात, न्यायाधीशसुद्धा. मी एकटाच ताई म्हणतो, आणि तेही तिचा मूड बघून.

मागे एका उन्हाळ्यात कोंबड्यांचं खाद्य वाहणारा ट्रक रस्ता सोडून खाली उतरला आणि कढईवर येऊन आदळला. उकळतं पाणी ताईच्या पायावर सांडलं. पाय वाचला, पण तेव्हापासून ती एका बाजूला झुकून चालते. ड्रायव्हर म्हणाला, कुत्रं आडवं आलं. ते कुत्रं पुढे कोणाला दिसलं नाही. कंपनीने मात्र कुत्र्यापेक्षा चांगली गोष्ट शोधून काढली. त्यांचं म्हणणं असं की ही बाई गिऱ्हाइकाच्या लोभाने दर वर्षी कढई थोडी थोडी रस्त्याकडे सरकवत होती आणि त्या दिवशी ती जवळजवळ डांबरावरच बसली होती. म्हणजे ट्रक कढईकडे आला नव्हता, कढई ट्रककडे गेली होती.

अपघातानंतर रस्तेवाल्यांनी तिथे घाईने नवी खडी टाकली, त्यामुळे कढईच्या पायांच्या जुन्या खुणा गाडल्या गेल्या. उरला तिचा शब्द आणि कंपनीचा शब्द.

पायाचं दुखणं ताईने सोसलं. हे मात्र तिला सोसेना. गाव गमतीखोर आहे. चर्चमध्ये ती पुढच्या बाकावर बसली की मागून कोणीतरी म्हणायचं, "मिस इमोजीन, आज पुढे सरकलात वाटतं!" लोक हसायचे. तीही हसायची, आणि घरी आल्यावर भांडी आपटायची.

"मी सरकले नाही," ती मला म्हणाली. "हे ज्युरीतल्या बारा माणसांनी कोर्टात उभं राहून, कंपनीच्या तोंडावर सांगितलं पाहिजे. मग त्यांनी पैसे द्यावेत नाहीतर कोंबड्यांना घालावेत."

वकील म्हणून तिने क्लेबर्न पिटमन यांना धरलं. ते पन्नाशीचे, केस पांढरे, पण लहानपणी चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांना ताईने शिकवलं होतं. त्यामुळे ते तिला हो मॅम, नाही मॅम करतात आणि ती त्यांना क्लेबर्न म्हणते. माणूस सज्जन आहे. फक्त ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याला घरी चुलीवर काहीतरी राहिलं आहे असं वाटू लागतं.

खटल्याची तारीख जवळ आली तेव्हा पिटमन वकिलांनी आम्हाला बोलावलं.

"मिस इमोजीन, ज्युरीपुढे जाण्याआधी आपण एक फोकस ग्रुप घेऊ. बारा अनोळखी माणसं बसवायची, त्यांना खटला सांगायचा आणि ती काय म्हणतात ते लपून ऐकायचं."

"म्हणजे तालीम."

"तालीमच म्हणा."

"तालमी नाटकवाले करतात, क्लेबर्न. तू खटला चालव."

"हल्ली कोणी तालमीशिवाय उभं राहत नाही, मॅम. डॉक्टरसुद्धा कापण्याआधी रक्त तपासतो."

"माझं तपासतो. शेजारणीचं नाही."

तरी ती कबूल झाली, कारण बारा माणसं हा शब्द तिला आवडला होता.

या तालमीचे कायदे होते. माणसं शेजारच्या टॅनर काउंटीतून आणायची, कारण आमच्या काउंटीतला कोणीही उद्या खऱ्या ज्युरीत येऊ शकतो. कुठल्या बाजूने बोलावलं आहे ते त्यांना सांगायचं नाही. नावगाव बदलायचं. ताईची मिसेस ग्रीन झाली, शेंगांच्या कढईत पीचचा मुरंबा शिजू लागला आणि कोंबडीखाद्याच्या ट्रकमध्ये सिमेंट भरलं गेलं. आणि सगळ्यांत मोठा कायदा असा की कचेरीत जो सर्वांत चांगला बोलतो त्याने शत्रूची बाजू घ्यायची. म्हणजे मग वाईटात वाईट काय होऊ शकतं ते कळतं.

पिटमन यांच्या कचेरीत सर्वांत चांगलं बोलायच्या त्यांच्या भागीदार मॅरियन टिल्री. तेव्हा टिल्री बाई झाल्या ट्रकवाली कंपनी, आणि पिटमन झाले आमचे.

टॅनर काउंटीतल्या बॅप्टिस्ट चर्चच्या जेवणाच्या हॉलमध्ये ती बारा माणसं बसली. आम्ही शेजारच्या मुलांच्या वर्गात, पडद्यावर त्यांना पाहत होतो. तिथे खुर्च्या मुलांच्या होत्या. ताईचा दुखरा पाय पुढे पसरलेला, हातात गोड गार चहा, आणि डोक्यावर भिंतीवर रंगवलेली बायबलातली नोहाची नाव.

आधी पिटमन बोलले. एका म्हाताऱ्याने जांभई दिली. मग टिल्री बाई उठल्या. त्या आवाज चढवत नाहीत. त्या फक्त म्हणाल्या की मिसेस ग्रीन चांगली बाई आहे, कष्टाळू आहे, आणि कष्टाळू माणसाला थोडं पुढे, अजून थोडं पुढे जावंसं वाटतं, यात पाप नाही. पण रस्ता रस्ताच असतो. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मलाही क्षणभर वाटलं, ताई सरकली असेल.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"रूफस, तू मान हलवलीस."

"माशी होती, ताई."

मग बारा जणांना आपापसांत बोलायला सोडलं. लाल गॅलसवाला, म्हणजे पँटला खांद्यावरून लाल पट्टे लावलेला, एक निवृत्त न्हावी होता. त्यानेच तोंड उघडलं.

"या रस्त्याकडेच्या बायांना मी ओळखतो. आज वीतभर, उद्या वीतभर. एक दिवस मधल्या पट्ट्यावर टेबल लावतील."

"पण ट्रकवाल्याला डोळे नव्हते का?" एक पोरगेला माणूस म्हणाला.

"डोळे होते, म्हणून तर मुरंबा दिसला! तुला कोणी रस्त्यात मुरंबा दाखवला तर तू काय करशील?"

सगळे हसले. पडद्यासमोर ताईने चहाचा पेला खाली ठेवला.

"झाडाचं का नाही सांगत?" ती म्हणाली. "झाडाचं सांगितलं की हा न्हावी गप्प बसेल. जुलै महिन्यात मी सावली सोडून उन्हात कढई नेईन का? झाड कुठे गेलं?"

मधल्या सुट्टीत पिटमन सँडविच खात आत आले तेव्हा तिने हेच विचारलं. ते चीज गिळून म्हणाले, "झाड वगळलंय, मॅम. इथपासून समुद्रापर्यंत सगळे त्या झाडाला ओळखतात. झाड म्हटलं की शेंगा आल्या, शेंगा म्हटलं की तुम्ही आलात. मग गुपित कसलं?"

"म्हणजे ते दुसऱ्याच बाईचा न्याय करताहेत."

"खटला तोच आहे, मॅम. फक्त झाड नाही."

सुट्टीनंतर निळ्या चष्म्याची एक बाई जे बोलली ते पिटमन यांनी पुढे आयुष्यभर लक्षात ठेवलं. ती म्हणाली, "मला तिची दया येते हो. तिने एवढं जरी म्हटलं असतं ना, की असेन बाई मी थोडी पुढे, तर मी तिला सगळं दिलं असतं. पण तिचं एकच पालुपद, मी नाही, मी नाही. अगदी माझ्या नणंदेसारखी."

नणंदेचं नाव निघाल्यावर इतर बायकांनीही माना डोलावल्या. हात वर करायची वेळ आली तेव्हा बहुतेक हात कंपनीच्या बाजूने वर गेले. आमच्या बाजूने तो पोरगेला माणूस आणि एक बाई, आणि त्या बाईनेही दुसऱ्यांदा विचारल्यावर हात खाली घेतला.

परतताना गाडीत पिटमन यांनी त्या हातांची बेरीज पुन्हा एकदा केली. मग म्हणाले, "मिस इमोजीन, थोडी कबुली द्यायला हवी. समजा, दहा टक्के."

आमच्याकडे ज्युरी दोषाची वाटणी टक्क्यांत करते, कोणाचा किती ते ठरवते. हे ताईला ठाऊक होतं, तरी तिने विचारलं, "दहा टक्के म्हणजे किती फूट?"

"फूट नाही, मॅम, दोष."

"कढई दहा टक्के सरकत नाही, क्लेबर्न. एकतर सरकते, नाहीतर जागेवर असते."

"लोकांना कबूल करणारा माणूस आवडतो. दहा दिले की नव्वद मिळतात. ऐकलंत ना त्या बाईंचं?"

"ऐकलं. तिचं भांडण नणंदेशी आहे. ते मी का मिटवू?"

तिने त्यांच्याकडून वचन घेतलं की कोर्टात दहाचं नाव काढायचं नाही. त्यांनी दिलं. त्यांच्या मानेवर घाम होता, आणि गाडीत एसी चालू होता.

त्यानंतर कंपनीचा फोन आला. त्यांनी बरा आकडा देऊ केला. अट एकच, दोष कोणाचाच नाही असं लिहायचं आणि पुन्हा त्याबद्दल बोलायचं नाही. तालमीने घाबरलेले पिटमन म्हणाले, घेऊन टाका. ताई म्हणाली, "दोष कोणाचाच नाही, म्हणजे मी सरकलेही असेन. नको."

हे असं अडलेलं असताना मला एका कामासाठी टॅनर काउंटीत जावं लागलं आणि तिथे गाडीचं टायर पंक्चर झालं. टायरच्या दुकानात बाकावर लाल गॅलसवाला न्हावी बसलेला. तो मला ओळखण्याचं कारण नव्हतं. मी त्याला पडद्यावर पाहिलं होतं, त्याने मला कुठेच नाही. त्याला बोलायला माणूस हवा होता.

"हल्ली मी खटल्यांचा निकाल लावतो," तो म्हणाला.

"ज्युरीत होता का?"

"छे, त्यात नंबर लागायला नशीब लागतं. हे खोटे खटले. चर्चमध्ये बसवतात, जेवायला देतात, मत विचारतात. कोणाला सांगायचं नाही असं सही करून घेतलंय, म्हणून तुम्हाला नावं सांगत नाही. पहिला होता मुरंब्याचा. तो मी बाईच्या विरुद्ध लावला. दुसरा त्यानंतर झाला, त्याच हॉलमध्ये. उकडलेल्या कणसांचा."

"कणसांचा?"

"एक बाई रस्त्याकडेला कणसं उकडायची. दगडाचा ट्रक येऊन आदळला. तो मी बाईच्या बाजूने लावला."

"एकीच्या बाजूने, एकीच्या विरुद्ध?"

"कणसवालीचा वकील काय बोलला हो! ट्रकवाला रडेल असं बोलला. आणि कंपनीचा वकील असा पुटपुटला की मला वाटलं त्याचा घसा धरलाय. आम्ही सगळ्यांनी हात वर केले, बाईला द्या, अजून द्या. आतल्या खोलीत कोणीतरी खुर्ची पाडल्याचा आवाज आला."

"आणि त्या कणसवालीच्या डोक्यावर झाड होतं का?"

"कुठलं झाड?" तो म्हणाला. "झाडाचं कोणी सांगितलं नाही. झाड असतं तर विचार करावा लागला असता."

टायर बसेपर्यंत मी हसू दाबून धरलं. कंपनीच्या वकिलांनीही तालीम घेतली होती. त्यांनीही तोच कायदा पाळला होता. आपल्यातला सर्वांत चांगला बोलणारा ताईला दिला आणि स्वतः पुटपुटत हरले. दोन्ही बाजू आपल्याच माणसाच्या बोलण्याने घाबरून घरी गेल्या होत्या.

मी थेट पिटमन यांच्या कचेरीत गेलो. ताई तिथेच होती, साक्षीची तयारी चालली होती. मी सांगायला लागलो तसे पिटमन यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

"मिस्टर रूफस, मला ऐकवू नका! त्यांची तालीम त्यांचं गुपित आहे. ऐकलं तर मला न्यायाधीशांना सांगावं लागेल."

"पण ते हरले."

"मी ऐकत नाहीये!"

"क्लेबर्न, खिडकीजवळ जा आणि एखादं भजन म्हण," ताई म्हणाली. "रूफस, तू मला सांग."

पिटमन खरोखर खिडकीशी गेले आणि गुणगुणू लागले. मी सगळं सांगितलं. ताई डोळे पुसेपर्यंत हसली. मग गंभीर झाली.

"म्हणजे त्यांनाही झाड माहीत नाही."

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "आमच्या ज्युरीला माहीत आहे."

खटल्याच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात दोन्ही वकील भिंतीसारखे पांढरे दिसत होते. कंपनीने अटलांटाहून नॅश नावाचा माणूस पाठवला होता. उंच, देखणा, बोलायला लागला की ऐकत राहावं असा. त्याने आकडा वाढवला. अट तीच. ताई बाकावर मधे बसली, एका बाजूला नॅश, दुसऱ्या बाजूला पिटमन, आणि दोघं मिळून तिची समजूत काढू लागले.

"मिस इमोजीन, ज्युरीचं काही सांगता येत नाही," नॅश म्हणाला.

"अगदी खरं आहे, मॅम," पिटमन म्हणाले.

"बारा जणांच्या डोक्यात काय येईल..."

"काहीही येऊ शकतं, मॅम."

ताईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही दोघं एकाच बाजूचे झालात का? मग माझी बाजू कोण मांडणार? रूफस?"

ती उठून आत गेली.

ज्युरी बसली. बाराही जण ओळखीचे चेहरे होते. एवढ्याशा काउंटीत दुसरे आणायचे कुठून? पिटमन उभे राहिले. सुरुवात बरी झाली. मग ज्युरीतल्या एका बाईने निळा चष्मा काढून पुसला. फक्त पुसला. पण तो निळा चष्मा पाहून पिटमन यांना टॅनर काउंटी आठवली असावी, कारण ते थांबले, घोटभर पाणी प्याले आणि म्हणाले, "मिस इमोजीन काही देवदूत नाहीत. त्यांचाही थोडा दोष असेल. समजा, दहा टक्के. आम्ही ते मोकळेपणाने मान्य करतो."

"क्लेबर्न!" ताई म्हणाली.

"मिस इमोजीन," न्यायाधीश म्हणाले, "तुमची पाळी येईल, मॅम."

तिची पाळी आली तेव्हा ती फार बोलली नाही. तिने ज्युरीकडे वळून विचारलं, "तुम्ही सगळ्यांनी माझं झाड पाहिलं आहे. जुलैत, पेटलेल्या शेगडीजवळ उभं राहून, मी सावली सोडून उन्हात जाईन का?" पुढच्या रांगेतला स्कूलबस चालवणारा डेल्मर नकळत म्हणाला, "नाही, मॅम." न्यायाधीशांनी त्याला दटावलं. नॅश चांगला बोलला. पण झाडाचं काय करावं हे त्याला उमगलं नाही. त्याने ते झाड त्या दिवसापर्यंत विचारातच घेतलं नव्हतं.

ज्युरी आत गेली आणि आम्ही कॉफी संपवायच्या आत बाहेर आली. कंपनीचा दोष नव्वद टक्के. मिस इमोजीनचा दोष दहा टक्के.

पिटमन यांनी टिल्री बाईंना मिठी मारली. "बघितलंत? दहा दिले, नव्वद मिळाले! तालमीशिवाय हे कळलं असतं का?" पलीकडे नॅश फोनवर कोणाला तरी सांगत होता की तालमीवरून वाटलं होतं त्यापेक्षा आपण स्वस्तात सुटलो. दोघांनी हस्तांदोलन केलं. तालमीवरचा दोघांचा विश्वास पक्का झाला.

ताई खुर्चीत बसून होती.

"जिंकलीस की, ताई," मी म्हणालो.

"दहा टक्के सरकले," ती म्हणाली. "आता तर कोर्टाचा शिक्का आहे."

पुढच्या हंगामात कढई पुन्हा झाडाखाली लागली, नवी, मोठी. ज्युरीतली माणसं शेंगा घ्यायला येऊ लागली, कारण आमच्याकडे उकडलेल्या शेंगा दुसरीकडे मिळत नाहीत. पहिला डेल्मर आला. त्याने बस थांबवली, उतरला आणि टोपी काढली.

"डेल्मर, ते दहा टक्के कशाचे?" ताईने विचारलं.

"मिस इमोजीन, खरं सांगतो, आत गेल्या गेल्या झाडाचंच निघालं. सावली सोडून कोण जाईल, असं सगळेच म्हणाले. शंभर टक्के कंपनीचे, असंच ठरलं होतं."

"मग?"

"मग कोणीतरी म्हणालं, पण यांचा स्वतःचा वकील दहा म्हणतोय. तो यांना लहानपणापासून ओळखतो. आपल्याला माहीत नाही असं काहीतरी त्याला माहीत असणार. आणि इतक्या भल्या माणसाला खोटं पाडायचं, बरं दिसत नाही."

"असं कोण म्हणालं?"

डेल्मरने टोपी हातात फिरवली. "ते काही आठवत नाही, मॅम."

मग एकेक करून बाकीचेही आले. प्रत्येकाचं मत शंभर टक्क्यांचं होतं. प्रत्येकाला कोणीतरी दुसरं दहा म्हणाल्याचं आठवत होतं. ज्युरीतली निळ्या चष्म्याची बाई तर म्हणाली की ती शेवटपर्यंत भांडली. ताईने कोणाला खोटं पाडलं नाही. ती पिशवी काठोकाठ भरायची, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी त्यातून एक मूठ काढून परत कढईत टाकायची आणि म्हणायची, "हा माझा दोष." ज्युरीतली माणसं भरल्या पिशवीचे पूर्ण पैसे मोजायची.

एका शनिवारी पिटमन आले. कोर्टातल्या कपड्यांतच होते, घाईत होते, दुसऱ्या कुठल्यातरी तालमीला निघाले होते. त्यांनी मोठी पिशवी मागितली. ताईने मोठीच पिशवी घेतली, झारा कढईत घातला, तळाशी एक मूठभर शेंगा टाकल्या आणि पिशवीचं तोंड नीट दुमडून त्यांच्या हातात दिली.

पिटमन यांनी पिशवी तोलून पाहिली, उघडून आत बघितलं.

"मिस इमोजीन, बाकीच्या?"

"कोर्टात तू दहाच टक्के म्हणालास ना, क्लेबर्न? तेवढ्याच दिल्या," ताई म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

 पिटमन यांनी तिथेच सावलीत उभ्याउभ्या एकेक शेंग सोलून खाल्ली, टरफलं पिशवीत टाकली आणि जाताना म्हणाले, "मीठ अगदी बेताचं आहे, मॅम."